खडूचा हिशोब कोणी मागतं का?

आधी कबुली देतो, मग मत मांडतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका विज्ञान प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. छोट्या गावात पत्रकाराला कशालाही परीक्षक करतात. रांगोळी असो, वक्तृत्व असो, पाककृती असो. मीही शाल-नारळ घेऊन जातो. त्या दिवशी एका टेबलावर नववीतली एक मुलगी एसटीची बस घेऊन उभी होती. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची बस. आपली लालपरी. पण लाल ठोकळे अर्ध्यातच संपलेले, त्यामुळे मागचा भाग निळा, टपावर पिवळा-पांढरा मिसळलेला. बसच्या पोटात मोटार होती. समोर एक फळी, तिच्या एका टोकाखाली पुस्तकं. बस फळीवर चढून दाखवणार होती.

चढली नाही. अर्ध्या फळीवर आली, आतून कट्-कट् आवाज आला आणि थांबली. मुलीनं पुन्हा खाली आणून लावली. पुन्हा तेच. मी घड्याळ बघितलं. अजून बावीस टेबलं राहिली होती. "छान आहे हं बाळा, प्रयत्न चांगला," म्हणालो आणि पुढे गेलो. सादरीकरणाला कमी, आकर्षकतेला कमी, 'प्रतिकृती कार्यरत आहे का' या रकान्यात शून्य.

पहिला नंबर कुणाला दिला? थर्माकोलच्या 'स्मार्ट सिटी'ला. एलईडीचे दिवे, हिरवा स्पंज कापून केलेली झाडं, रस्त्यावर चिकटवलेल्या तयार गाड्या. बटण दाबलं की सगळं लखलख. पुढे कळलं की ते मॉडेल जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानात तयार मिळतं, नाव-गाव टाकून देतात. आणि मी त्याचा फोटो छापला होता. 'चिमुकल्यांची भरारी' असा मथळाही दिला होता. तो मथळा आठवला की आजही कानशिलं गरम होतात.

मुलीचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. ती लहान आहे आणि हा विषय तिच्या एकटीचा नाही.

पंधरा-वीस दिवसांनी स्टँडसमोरच्या टपरीवर तिचे वडील भेटले. डेपोत मेकॅनिक आहेत. माझी जुनी ओळख, पण ही त्यांची मुलगी हे मला माहीत नव्हतं. तक्रार करायला आले नव्हते. सहज म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी सेल उतरले होते हो. सकाळपासून येईल त्याला चालवून दाखवत होती पोरगी. घरी सहा पुस्तकांवर चढायची ती गाडी." आणि पुढे म्हणाले, "तिची वही बघा कधीतरी. आमच्या जॉबकार्डापेक्षा चांगली लिहिते."

ती वही मी बघितली. दोनशे पानी, रेघांची, कव्हरवर 'भूगोल' लिहून खोडलेलं. आत तेवीस नोंदी. प्रत्येक नोंदीला तारीख, काय केलं, काय झालं, का झालं असेल, आता काय बदलणार. तेवीसपैकी एकोणीस नोंदींच्या शेवटी एकच शब्द होता: 'बिघडलं'.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, इंजिनीअर नाही. मला ती वही समजून घ्यायला दोन संध्याकाळी तिच्यासमोर बसावं लागलं. जे समजलं ते तुम्हालाही सांगतो, कारण त्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही.

हे ठोकळे आले कुठून? पुण्यात आयटीत असलेल्या मामेभावाचा मुलगा मोठा झाला. त्याचं सगळं सामान रव्याच्या मोठ्या पिशवीत भरून इकडे आलं. त्यात काही लेगोचे खरे, काही तसेच दिसणारे दुसऱ्या कंपन्यांचे. पुस्तिका एकही नाही. म्हणजे 'हे असं जोडा' सांगणारं कोणी नव्हतं. तिच्या मते तेच बरं झालं.

बस करायची तर पहिला प्रश्न माप. मला वाटलं होतं, आधी लांबी ठरवतात. ती म्हणाली, "नाही काका, आधी चाक. चाक आपल्याला बनवता येत नाही, जे आहे तेच घ्यावं लागतं. बाकी सगळं त्याच्या मागून." पिशवीत सारखी सहा चाकं एकाच मापाची होती, ४३ मिलिमीटर. वडिलांनी डेपोत टेपनं खरं चाक मोजून दिलं, टायरसकट एक मीटर पाच सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे खऱ्याचा साधारण चोविसावा हिस्सा. मग बस अकरा मीटर लांब धरली तर मॉडेल ४६ सेंटिमीटर. रुंदी अडीच मीटर, तर मॉडेल साडेदहा सेंटिमीटरला थोडं कमी.

आता या ठोकळ्यांवर जे गोल उंचवटे असतात, ती त्यांना टिकल्या म्हणते. दोन टिकल्यांमधलं अंतर बरोबर ८ मिलिमीटर. त्या हिशोबानं रुंदी आली १३ टिकल्या. बहुतेक साधे ठोकळे दोनच्या नाहीतर चारच्या पटीत असतात, त्यामुळे १२ किंवा १४ सोपं पडलं असतं. पण तिनं तेराच ठेवली. का? कारण विषम आकड्याला मध्य असतो. सहा इकडे, सहा तिकडे आणि बरोबर मधोमध एक जागा, जिथून मोटारीचा दांडा मागच्या चाकांपर्यंत सरळ जातो. १४ केले असते तर दांडा एका बाजूला सरकला असता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिली चासी बारावर केली, दांडा वाकडा गेला, मोडली, तेरावर केली. नोंद क्रमांक दोन आणि तीन.

नोंद पाच : मोटार थेट चाकाला जोडली. रिकामी चासी फरशीवर पळाली. वर एक किलो तूरडाळीची पुडी ठेवली, जागची हलली नाही. नोंद सहा : मोटारीला आठ दात्यांचं चाक, त्याला चोवीस दात्यांचं. वेग तिसरा हिस्सा झाला, जोर जवळपास तिप्पट. डाळ घेऊन गाडी चालली, पण चढावर थांबली. नोंद सात : पुन्हा आठाला चोवीस. आता वेग नववा हिस्सा, जोर नऊपटीच्या जवळ, थोडा घासण्यात जातो. गाडी मुंगीच्या पावलानं चढ चढली.

आणि इथेच कट्-कट् सुरू झालं. जोर वाढला तसे दोन्ही गिअर एकमेकांना ढकलायला लागले, मधला सांगाडा फाकला आणि दाते एकमेकांवरून उडायला लागले. तिनं आडव्या पट्ट्या लावून दोन्ही दांडे जखडले, तेव्हा आवाज थांबला. या खेळण्यात एक गंमत आहे. आठ दात्यांच्या चाकाची त्रिज्या ४ मिलिमीटर धरतात, चोवीसची १२. बेरीज १६, म्हणजे बरोबर दोन टिकल्यांचं अंतर. ज्यानं कुणी हे आखलं, त्यानं गणित ठोकळ्यातच घालून ठेवलंय. शाळेच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाण आहे, पण पुस्तक चुकलं तर कट्-कट् वाजत नाही.

नोंद अकरा वाचून मी हसलो आणि मग गप्प झालो. डाळीची पुडी पुढे ठेवली तर मागची चाकं जागेवर फिरतात. अगदी मागे ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात, गाडी वळत नाही. खाली लिहिलं होतं : 'बाबा म्हणाले, टपावर मागच्या बाजूला जास्त सामान असलं की ड्रायव्हर काका पण हीच तक्रार करायचे.'

वळणाचंही तसंच. मागच्या दोन्ही चाकांना एकच दांडा लावला तर वळताना एक चाक फरफटतं, कारण बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. खऱ्या बसमध्ये त्यासाठी डिफरन्शियल असतो. बापानं लेकीला रविवारी डेपोत नेलं आणि उघडलेली हौसिंग दाखवली. क्राऊन, पिनियन, आतली छोटी चाकं. पिशवीत तसाच एक प्लास्टिकचा तुकडा होता, ज्याचा उपयोग तिला तोवर कळत नव्हता. "काका, मला वाटलं होतं तो चुकून आलाय." नोंद चौदा.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगतो. बॅटरीच्या डबीत सहा सेल लागतात. नवे साधे सेल दीड व्होल्टचे, सहाचे झाले नऊ. तिनं प्रदर्शनासाठी शेजारच्या दादाकडून चार्जिंगचे सेल आणले, पैसे वाचावेत म्हणून. ते सव्वा व्होल्टच्याही खालचे, सहाचे सव्वासात. त्यात सकाळपासून चालवलेले. वहीतली शेवटची नोंद प्रदर्शनाच्या रात्रीची आहे : 'मोटारीचा जोर कमी पडला. फळीवर बस वाकडी लागली म्हणून दांडा पण दाबला गेला, दाते उडाले. पुढच्या वेळी ज्या सेलवर दाखवायचं त्याच सेलवर घरी तपासायचं.'

मंडळी, हे वाक्य आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक ठेकेदाराच्या आणि अभियंत्याच्या टेबलावर काचेखाली लावलं पाहिजे. ज्या परिस्थितीत वापरायचं, त्याच परिस्थितीत तपासायचं. आपण काय करतो? आधी फीत कापतो, मग टाकीत पाणी सोडतो, मग टाकी गळते, मग मी बातमी लिहितो. वीस वर्षांत अशा किती बातम्या लिहिल्या त्याचा हिशोब नाही. आणि तरीही परीक्षक म्हणून उभा राहिलो तेव्हा मीही लखलखणाऱ्या दिव्यांनाच मार्क दिले. त्या टाकीवर मला लिहिण्याचा अधिकार किती उरला, हा प्रश्न स्वतःला विचारून झालाय.

आता कुणी म्हणेल, ठोकळ्यांचा खेळ तो, त्याचं एवढं काय कौतुक. थोडी माहिती देतो.

लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातल्या एका सुताराची कंपनी. त्यानं १९३२ मध्ये सुरुवात केली ती लाकडी वस्तूंपासून. नाव डॅनिश भाषेतल्या 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून. आज दिसतो तशा ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. आपल्याकडे या वर्षीचं नळाचं फिटिंग गेल्या वर्षीच्या पाइपाला बसत नाही! चार बाय दोनचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले, तर ते किती प्रकारे जोडता येतात हे कोपनहेगन विद्यापीठातल्या एका गणितज्ञानं संगणकावर मोजलंय. ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा ठोकळे!

गिअर, दांडे, छिद्रांच्या पट्ट्या असलेला 'टेक्निक' हा प्रकार १९७७ मध्ये आला. २०१८ मध्ये याच कंपनीनं बुगाटी शिरॉन ही मोटार खऱ्या आकारात बनवली. दहा लाखांहून जास्त तुकडे, वजन दीड टन, ताकदीला २,३०४ खेळण्यातल्या मोटारी. चाकं-टायर खरे, आत आधाराला पोलाद, पण तुकडे जोडायला गोंद नाही. आणि ती नुसती मंडपात उभी केली नाही. जर्मनीत जिथे खऱ्या बुगाटीची चाचणी होते त्याच ट्रॅकवर नेऊन माणूस बसवून चालवली. ताशी २० किलोमीटरच्या वर गेली. आपल्या सायकलच्या वेगानं. पण गेली, आणि सगळ्यांसमोर गेली.

या क्षेत्रात आणखी एक शब्द आहे जो मला फार आवडला. तुकडे असे जोडले की ते बसतात, पण त्यांच्यावर ताण येतो, वाकतात, कालांतराने तडकतात, तर अशा जोडणीला 'बेकायदेशीर' म्हणतात. कंपनीचे डिझायनर तसं जोडत नाहीत, हौशी लोकही एकमेकांना टोकतात. दिसायला उभं असलं म्हणून चालत नाही, आतून ताण नको. आपल्याकडे बेकायदेशीर बांधकाम या शब्दाचा अर्थ वेगळा आहे आणि तो नियमित करून घेण्याची तारीखही दर काही वर्षांनी येते. असो.

आता मूळ मुद्दा.

या मुलीला सहा चाकं, एक डिफरन्शियल आणि एक मोटार मिळाली ती नशिबानं. मामेभाऊ पुण्यात होता म्हणून. ज्यांचा नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी व्यवस्था आहे, कागदावर. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून शाळांमध्ये 'अटल टिंकरिंग लॅब' सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. देशभरात दहा हजार लॅब झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार करण्याची घोषणा झाली. योजना चांगली आहे. ज्या शाळांनी मनापासून चालवली तिथली मुलं काय काय करतात हे मी स्वतः बघितलंय.

पण मी अशीही एक खोली बघितली. कुठल्या शाळेतली ते सांगत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. बाहेर रंगीत फलक, आत भिंतीवर शास्त्रज्ञांची चित्रं, काचेचं कपाट. कपाटात जोडणीचे संच. खोक्यांवरची चिकटपट्टी तशीच. दोन वर्षं झाली येऊन. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये.

शिक्षकांना विचारलं, "सर, मुलं वापरत नाहीत?" ते आधी इकडचं-तिकडचं बोलले. मग खरं बोलले. "अहो, डेड स्टॉक रजिस्टरला एकेक नग चढवलाय. बारीक बारीक तुकडे असतात. एक जरी हरवला तर तपासणीला मी काय उत्तर देऊ? पुढच्या वर्षी माझी बदली आहे. चार्ज देताना मोजून द्यावं लागेल. वसुली निघाली तर माझ्या पगारातून."

मला त्या सरांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं. ते वाईट शिक्षक नाहीत, घाबरलेले शिक्षक आहेत. आणि त्यांची भीती त्यांनी मनातून काढलेली नाही. वस्तू सुरक्षित राहिली तर कुणी शाबासकी देत नाही हे खरं, पण वस्तू वापरून झिजली, हरवली, तुटली तर विचारणा नक्की होते. मग शहाणा माणूस काय करणार? खोकं बंदच ठेवणार. तपासणीच्या दिवशी खोकी मोजली जातात, पूर्ण भरतात, शेरा येतो 'साहित्य सुस्थितीत'. सुस्थितीत आहेच! कुणी हातच लावला नाही तर बिघडणार कसं?

मी त्यांना एक प्रश्न विचारला, आणि तोच या पोस्टचा मथळा आहे. सर, वर्षभरात खडूचे किती खोके लागतात? लागतात की. मग तुम्ही झिजलेल्या खडूचा हिशोब देता का? चार्ज देताना खडू परत करता का? खडू वापरून संपायचाच असतो हे सरकारला मान्य आहे. मग आठ दात्यांचं प्लास्टिकचं चाक खडूच्या रांगेत का नाही?

शिक्षण विभागाला, शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि आपल्या तालुक्यातल्या संस्थाचालकांना माझी जाहीर मागणी एवढीच आहे. मोटार, बॅटरीची डबी, संगणक हे नग म्हणून नोंदवा, त्यांचा हिशोब ठेवा. पण ठोकळे, दांडे, गिअर, पिना हे सगळं वापरून संपणारं साहित्य म्हणून दाखवा. वर्षाला अमुक इतकं हरवणार-तुटणार हे आधीच लिहून ठेवा. आणि तपासणीला खोकी मोजू नका, मुलांच्या वह्या मागा. कुठली चाचणी कधी केली, काय बिघडलं, मग काय बदललं. ज्या शाळेत एकही तुकडा हरवला नाही, तिथे खुलासा मागा.

विज्ञान प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेतही बदल हवा. 'आकर्षकता' हा रकाना काढून टाका. त्या जागी 'चाचणीची नोंदवही' ठेवा, तीसपैकी दहा गुण. दुकानातून आणलेल्या स्मार्ट सिटीबरोबर नोंदवही मिळत नाही. निदान अजून तरी.

दोन-तीन आक्षेप येणार, त्यांचंही बोलून घेतो.

पहिला : ही श्रीमंतांच्या पोरांची खेळणी आहेत. बरोबर आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा हेतू, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण म्हणूनच म्हणतो, घरोघरी संच घ्या असं माझं सांगणंच नाही. गावाच्या वाचनालयात पुस्तकं असतात, तशी एक पेटी ठोकळ्यांची असू द्या. बसून जोडा, मोडा, परत ठेवा. एका संचात शंभर मुलं शिकतील. आणि लेगोच पाहिजे असंही नाही. आमच्या लहानपणी नटबोल्टांचा 'मेकॅनिक्स' हा देशी संच होता. वर्गात एखाद्याकडेच असायचा, आणि त्याच्या घरी आम्ही अभ्यासाच्या नावाखाली जायचो.

तेही नसेल तर अरविंद गुप्ता आहेतच. आयआयटीतून निघालेला आणि पुण्यात टेल्कोत काम केलेला हा इंजिनीअर. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी मुलांना त्रिकोण का वाकत नाही आणि चौकोन का वाकतो हे शिकवलं. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं तेच काम केलं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्हट्यूबला सीमाशुल्क लागत नाही.

आणि त्याच्याही आधी आपण जोंधळ्याच्या धाटांची बैलगाडी करायचोच की. धाट सोलून कांबी काढायच्या, आतल्या मऊ गाभ्यात खोचायच्या. जुन्या चपलेच्या रबराची चाकं. बाभळीचा काटा अ‍ॅक्सल म्हणून. चाक डगमगलं की काटा बदलायचा. ती चाचणीच होती, फक्त कुणी वहीत लिहून ठेवायला सांगितलं नाही.

दुसरा आक्षेप : हल्ली हे सगळं संगणकावर होतं, ठोकळे कशाला? होतं, आणि फुकट होतं. एलड्रॉ नावाची पद्धत एका ऑस्ट्रेलियन हौशी माणसानं १९९५ मध्ये लिहिली, आजही तिच्यावर आधारित साधनं लोक वापरतात. पडद्यावर हजारो तुकड्यांची गाडी रचता येते, तुकडे एकमेकांत घुसत नाहीत ना तेही कळतं. आराखड्यासाठी उत्तमच. पण उतरलेल्या सेलवर फळीवर काय होईल हे पडद्यावर कळत नाही. त्यासाठी फळी लागते. आणि डाळीची पुडी.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड आहे, कारण तो तिच्याच घरातून आलाय. तिची आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही कौतुक करताय ते ठीक. पण आता दहावी. खेळ पुरे झाला. पिशवी माळ्यावर टाकलीय मी." मी काय सांगणार? हे ठोकळे जोडून पोरगी इंजिनीअर होईल असं मी म्हणू शकत नाही. तसं म्हणणारे क्लासवाले पुष्कळ आहेत, त्यांच्या जाहिराती आमच्याच पेपरात येतात. दहावीच्या मार्कांना या वहीचा उपयोग शून्य. आईचं चुकत नाही. आपण जी व्यवस्था केलीय तिच्यात तेवीस नोंदींना एकही मार्क नाही, आणि त्या व्यवस्थेत एक दिवस मीही टेबलामागे बसलो होतो.

मी त्या माऊलीला एवढंच म्हणालो, "ताई, पिशवी माळ्यावर ठेवा, पण कुणाला देऊन टाकू नका." त्या हसल्या. देणार नाहीत बहुतेक.

आता मी काय करणार ते सांगतो, नाहीतर हाही एक अग्रलेखच व्हायचा. ज्या प्रदर्शनाला मी परीक्षक होतो त्या आयोजकांना मी पत्र दिलंय. माझं मूल्यमापन चुकलं, हे लेखी दिलंय. निकाल बदलणार नाही, मला माहीत आहे, आणि बदलावा असंही नाही. स्मार्ट सिटीवाल्या पोरांनाही त्यात ओढायचं नाही, ते मॉडेल आणून देणारी मोठी माणसंच होती. पण पुढच्या वर्षीच्या गुणपत्रिकेत नोंदवहीचा रकाना हवा, तोवर मी परीक्षक म्हणून येणार नाही.

दुसरं, तालुक्यात अशा किती खोल्या आहेत आणि त्यातल्या किती आठवड्यातून एकदा तरी उघडतात, याची माहिती मी माहितीच्या अधिकारात मागतोय. उत्तर आलं की इथेच टाकेन. कुठल्या शिक्षकाला अडकवायला नाही. त्यांच्या डोक्यावरची वसुलीची टांगती तलवार निघावी म्हणून. ज्या सरांना उघडपणे बोलता येत नाही त्यांनी मला इनबॉक्सात लिहा, नाव बाहेर येणार नाही.

आणि पालकांनो, तुमच्या मुलांच्या शाळेत अशी खोली असेल तर पुढच्या पालकसभेत फक्त एक प्रश्न विचारा. लॅब आहे का, असं विचारू नका, 'आहे' असंच उत्तर येईल. विचारा, या वर्षी काय काय हरवलं?

ती बस अजून पूर्ण आहे. माळ्यावरच्या पिशवीत नाही, वडिलांनी डेपोतल्या आपल्या कपाटावर ठेवलीय. अर्धी लाल, अर्धी निळी. परवा गेलो तेव्हा दोन ड्रायव्हर तिच्या चाकांशी खेळत होते आणि मागच्या लोंबत्या भागाची लांबी बरोबर आहे की नाही यावर भांडत होते. एक म्हणत होता जास्त आहे. मी टेप मागितला.